जागेवर मांडलेली सुपारी

१

आमच्या गिरणीचा आवाज आणि माझा आवाज, दोन्ही परंड्याच्या स्टँडपर्यंत जातात, असं लोक म्हणायचे. गिरणीचं काय, लाइट गेली की ती गप्प. मला लाइट लागत नव्हती. पट्टा फिरत असताना समोरच्या बाईला सांगायचं की तुझी ज्वारी ओली हाय, परत ने, म्हणजे बोंबलावंच लागतं. लग्न होऊन आले तशी बोंबलत आले. देवळात गेले तरी पुजारी म्हणायचा, कस्तुराबाई, देवाला ऐकू येतं, हळू.

मी चौथी शिकले. माझी लेक अर्पिता पुण्याला जाऊन इंजिनिअर झाली. नवरा ट्रकवर असतो, महिन्यातनं कधीतरी कपडे धुवायला घरी येतो. गिरणी खाली, वर माडीवर एक खोली, आणि गिरणीच्या आतूनच वर जाणारा अरुंद दगडी जिना. एवढंच आमचं घर.

मे महिन्यात अर्पिता घरी होती. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत तिला नोकरी लागलेली, एक जूनला हजर व्हायचं होतं. ती कंपनी खेळ बनवते. मोबाइलवरचे न्हवे, बसून खेळायचे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. विहिरीत उतरतो म्हणायचं आणि फासा टाकायचा. आकडा बरा पडला तर उतरला, न्हाय तर पडला. वीस तोंडांचा फासा मी जन्मात पहिल्यांदा बघितला. तो सतरंजीवर घरंगळायचा म्हणून माझं स्टीलचं ताट वर नेलं. त्यात फासा पडला की खाली गिरणीत ठणकन ऐकू यायचं.

कंपनीनं तिला येताना एक काम करून आण म्हणून सांगितलेलं. खेळात माणूस भितो, किंवा कुणी कुणाला धमकावतं, त्याचे नियम पचपचीत आहेत. ते सुधार आणि चार माणसांवर करून बघ. परंड्यात चार माणसं कुठली मिळायला? दोन मिळाली. माणिकप्पा किराणावाल्याचा नंदीश आणि शाळेत शिकवणारी वर्षाराणी.

मी चहा घेऊन वर गेले तेव्हा तिघं भांडत होती.

"भूत दिसलं की फासा टाक," नंदीश म्हणत होता. "कमी पडला की माझा गडी दोन डाव पळत सुटणार. मग दोन डाव म्या काय करायचं? अक्काचा चहा पीत बसायचं?"

"पी की," मी म्हटलं. "फुकटचाच हाय."

"आणि दमदाटीचं तर लईच येड्यावानी हाय," वर्षाराणी म्हणाली. "जो अंगानं दांडगा त्याला आकडे जास्ती. आमच्या संस्थेचे सचिव बघा मावशी. फुंकर मारली तर उडतील. आवाज चिमणीचा. पण नुसते दारात येऊन उभे राहिले की सगळ्या बाया पदर सारखे करतात."

"म्या दिवसभर बोंबलते," मी म्हटलं, "मला कोण भितं?"

अर्पिता माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "कुणीच न्हाय, आई. तू ओरडतीस म्हणूनच कुणी भीत न्हाय. तुझ्या मनात काय हाय ते सगळ्यांला कळतं. ज्याचा धाक असतो ते गप्प असतं."

आणि तिनं तिथल्या तिथं नियम बदलला. धाक घालणाऱ्यानं फासा टाकायचाच नाही. त्याचा डाव आला की सगळ्यांनी गप्प बसायचं, कुणीतरी आपणहून काहीतरी सोडेपर्यंत. ते मागत नाही, मारत नाही, अंगावर येत नाही. थांबतं.

"सोडायचं काय?" नंदीशनं विचारलं.

"जे सोडताना हात जड होतो ते. हलकं दिलं तर त्याचा डाव संपत न्हाय."

नंदीशनं हात पुढं करून अंगावरचा काटा दाखवला. "जमलं," म्हणाला. "हे जमलं बघ."

२

बाकी सगळ्यांच्या सोंगट्या होत्या, त्या धाकाची नव्हती. अर्पिता म्हणाली, ज्याला तोंड असंल असं काही नको. नंदीशनं खोडरबर ठेवलं तर वर्षाराणीला हसूच आवरेना.

मी खाली गेले आणि डब्यातनं सुपारी आणली. आमच्याकडं पूजेत जो देव घरात नसतो, त्याच्या जागी सुपारी मांडतात. माणसाचंही तसंच. वास्तुशांतीला आमचे हे ट्रक घेऊन नागपूरला अडकले, तर भटजीनं पाटावर माझ्या शेजारी सुपारी ठेवली. ह्यांच्यापेक्षा ती शहाण्यासारखी बसली. पण सुपारी नुसती ठेवत नाहीत, खाली धान्य लागतं. तांदूळ घ्यायला परत खाली कोण जातं? पदराला ज्वारी लागलेलीच असते, ती मूठभर झाडली, ढीग केला, वर सुपारी टेकवली. हाताला सवय असते. "या, बसा," असंही तोंडातनं गेलं.

पूजा उरकली की अक्षता टाकून ती सुपारी जागची हलवतात. म्हणजे आलेल्यानं आता जावं. हेही सवयीचंच.

खेळ सुरू झाला आणि लाइट गेली. पंखा थांबला, खाली पट्टा थांबला. दुपारची वेळ, बाहेर उन्हाचा जाळ, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. अर्पिता म्हणाली, "आता त्याचा डाव." तिघं गप्प बसली. मी कपबशा गोळा करत होते, मीही थांबले.

गिरणीवाल्या बाईला शांतता माहीत नसते. लाइट गेल्यावरसुद्धा कानात पट्टा फिरतच असतो. त्या दिवशी तो फिरला नाही. कुणी काहीच केलं नव्हतं, सुपारी होती तिथं होती, आणि मला वाटलं की मी फार मधे उभी आहे. मी बाजूला सरकले. कुणाच्या वाटेतनं सरकले, ते तेव्हा मनात आलं नाही.

"माझा कंदील देतो," नंदीश शेवटी बोलला. बोलताना त्याचा आवाज फाटला. खेळातला कंदील, बरं का.

तेवढ्यात लाइट आली. खालून दळणाच्या बाया ओरडायला लागल्या, मी ओरडतच पळाले. वर्षाराणीला घरी जायचं होतं. खेळ तसाच मोडला. सुपारी राहिली.

३

दुसऱ्या दिवशी मी पीठ चाळत होते आणि अर्पिता जिन्यातनं खाली येत होती. मधेच थांबली, पाठ भिंतीला लावली, पोट आत घेतलं. मग पुढं आली. जिना अरुंद आहे, वरून कुणी येत असलं की आम्ही असंच उभं राहतो. पण जिन्यात तिच्याशिवाय कुणी नव्हतं.

"काय गं, पाल हाय का?"

"कुठं?"

"अशी चिकटलीस कशाला मग?"

"चिकटले?" ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, पायरीची कड फुटलीय, पोरगी जपून चालते. पुण्याला राहून पाय नाजूक झाले. पण संध्याकाळी नंदीश वर जायला आला, तोही त्याच पायरीवर थांबला, त्यानंही भिंत धरली. त्याला तर मी काही विचारलंच नाही.

मग बाकड्याचं. गिरणीत दळणाला आलेल्या बायांना बसायला एक लांब बाकडं आहे. बाया त्यावर मांडीला मांडी लावून बसतात, जागेवरनं एकमेकींचं घराणं काढतात. त्या आठवड्यात बाकड्याच्या जिन्याकडच्या टोकाला एका माणसाची जागा रिकामी राहायला लागली. दोघी-तिघी उन्हात उभ्या, डब्बे डोक्यावर, आणि जागा रिकामी.

"महादेवे, बस की गं तिथं," मी ओरडले.

महादेवीनं जागेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "असू दे अक्का," म्हणाली. "उभंच बरं."

"का? काटं हायत का?"

"न्हाय वो. असू दे."

ती घाबरली नव्हती. घाबरलेलं माणूस मला कळतं. ती अदबीनं बोलत होती. सासऱ्यासमोर बोलतात तशी.

मी तरातरा गेले आणि त्या टोकाला जाऊन बसले. काही झालं नाही. लाकूड थंड होतं, एवढंच. गिरणीतलं बाकडं, मे महिना, पत्र्याचं छप्पर. मी उठले आणि कामाला लागले. सावलीतलं असतं थंड, म्हटलं.

४

मी अर्पिताला म्हटलं, वरचा पसारा आवर, ताट मला पाहिजे. ती म्हणाली, डाव अर्धा आहे, हात लावू नको. खोलीला कडी घालून ठेवायला लागली. तरी दुपारी लाइट गेली की तिघं वर जाऊन बसायची. आता फासा वाजायचा नाही. हसणं नाही. नुसती बसायची.

नंदीशनं गाडी सोडली. ज्या गाडीसाठी बापाशी दोन महिने अबोला धरला होता, ती दुकानामागं झाकून ठेवली. माणिकप्पा माझ्याकडं येऊन म्हणाला, "कस्तुराबाई, पोराला काय झालंय? रस्त्याच्या कडेकडेनं चालतंय. विचारलं तर म्हणतंय, सोडली." वर्षाराणी चांगली गायची. शाळेच्या कार्यक्रमात तिच्याशिवाय पान हलायचं नाही. ती दळण घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, एक गाणं तरी गुणगुण, गिरणीत कंटाळा येतो. ती म्हणाली, "आता नाही गात मावशी." दुःखानं न्हवे. उपवासाला कांदा खात नाही म्हणतात, तसं.

मी स्वतःला समजावलं. पोरं मोठी होतात, खूळ सुटतं. उन्हाळ्यानं डोकी फिरतात. मी अडाणी, मला त्यांचा खेळ काय कळणार?

मग एकतीस तारखेला सकाळी अर्पितानं भाकरी खाता खाता सांगितलं, "आई, मी पुण्याला जात न्हाय."

माझ्या हातातली परात खाली पडली. "का?"

"सोडलं."

"कुणासाठी सोडलंस? कुणी पोरगं हाय का? सांग, म्या त्याच्या घरी जाते आत्ता!"

"तसं न्हाय गं."

"मग कुणाला दिलंस?"

तिनं पाण्याचा तांब्या उचलला. जिन्याकडं बघितलं, आणि बसल्या बसल्या भिंतीकडं सरकली. जागा करून दिली.

या पोरीच्या शिक्षणासाठी मी किती पिठात श्वास घेतलाय ते माझ्या छातीला विचारा. मी तिची बॅग भरली. कपडे कोंबले, लोणच्याची बरणी कोंबली. "दुपारच्या कुर्डुवाडीच्या बसनं निघायचं," म्हटलं. "तिथनं रेल्वे. एक शब्द बोललीस तर ढकलत नेईन." तिनं चप्पल घातली. बॅग घेतली, गिरणीच्या दारापर्यंत आली, आणि उंबऱ्याच्या आत थांबली. पाठ चौकटीला लावून. आधी दुसऱ्या कुणीतरी बाहेर पडायचं आहे, अशी.

"निघ," मी ओरडले.

"त्यांचं होऊ दे," ती म्हणाली.

तेवढ्यात लाइट गेली.

५

मी जिना चढले. भिंतीला चिकटले नाही, मधूनच चढले. शिव्या देत चढले. माझ्या तोंडाला काय काय यायचं ते गावाला माहीत आहे. कडी काढली.

खोलीत काहीच नव्हतं. सतरंजी, तीन चहाचे पेले, सोंगट्या, ताट. ज्वारीच्या ढिगावर सुपारी. ढीग मात्र मी केला तसा राहिला नव्हता, दाबून पसरला होता. पोत्यावर माणूस बसून गेला की दाणे दबतात, तसे.

सुपारी हलवायची, एवढंच काम. मी वाकले, हात पुढं केला. हात गेला नाही. भ्याले म्हणून न्हवे, खरं सांगते. मोठं माणूस जेवायला बसलं असलं की त्याच्या अंगावरनं हात नेत नाहीत, तसा हात आपोआप थांबला. आणि वाकलेली असताना ताटाकडं नजर गेली.

ताट सुपारीच्या अलीकडं होतं, तिरकं, बाजूच्या भिंतीला टेकलेलं. स्टील घासून घासून आरशासारखं झालंय. त्यात खिडकीचा उजेड दिसत होता, आणि उजेडात पाठ. सुपारीच्या जागी कुणीतरी बसलेलं, माझ्याकडं पाठ करून. तोंड दिसलं नाही. पाठच वर वर जात होती. बसलेल्या माणसाची पाठ एवढी लांब नसते. ते वळलं नाही. माझ्यासारखीसाठी वळायची त्याला गरजच नव्हती.

मी ताटावरनं नजर काढली. समोर सुपारी होती, दुसरं काही नाही.

शिव्या कधी थांबल्या ते कळलं नाही. त्याचा डाव होता.

गिरणी देते, मनात म्हटलं. काही झालं नाही. अंगावरचं डोरलं देते. काही नाही. हात जड झालाच नव्हता. गिरणीचा मला कंटाळाच आलाय, आणि ज्याच्या नावाचं डोरलं, तो नवरा कधी घरी असतो? खाली अर्पिता दारात उभी होती, स्टँडवर बस लागत होती. आणि मग माझ्या गळ्याशी काहीतरी आलं आणि तिथंच बसलं. मला कळलं काय द्यायचं ते. जे गेल्यावर कस्तुराबाई म्हणून कुणी ओळखणार नाही, ते.

"घे," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. स्टँडपर्यंत गेलं असंल.

हात मोकळा झाला. ज्वारीचे चार दाणे सुपारीवर टाकले, सुपारी जागची हलवली. या वेळी तोंडानं निरोप द्यायचा असतो, आता यावं. तोंड उघडलं. फक्त हवा आली.

जिन्याच्या पायऱ्या वाजल्या नाहीत. पण मी दारात होते आणि मला सरकावं लागलं. मीसुद्धा भिंतीला पाठ लावली. पोट आत घेतलं. किती वेळ उभी होते, कोण जाणे. जाणारं लांब होतं.

खाली आले तर दार रिकामं. अर्पिता उंबरा ओलांडून रस्त्यानं झपाझप चालली होती, बॅग हलकी असल्यासारखी. मी मागं पळाले. ती बसमधे चढली, खिडकीतनं मला हात केला, हसली. माझी जुनी पोरगी. माझ्या डोळ्याला पाणी आलं.

बस गच्च भरली होती. बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या, म्हातारे दांड्याला लोंबकळलेले. अर्पिताच्या शेजारची जागा तेवढी रिकामी. कुणी बसत नव्हतं. कंडक्टर त्या जागेपाशी आला आणि अंग चोरून पुढं गेला.

"उतर!" मी ओरडले.

बाजूला उभ्या असलेल्या माणसानंसुद्धा मान वळवली नाही. बस गेली. अर्पिता खिडकीतनं मागं बघत होती. ती शाळेला जायची तेव्हासुद्धा रोज मी मागनं हाक मारायची, पोचलीस की सांग. त्या हाकेसाठी थांबली असंल.

६

बार्शीच्या डॉक्टरनं नळी घालून घसा बघितला. काही नाही म्हणाला, स्वच्छ आहे. बोला की. मी त्याच्याकडं बघत बसले.

आता गिरणीत पत्र्याचा डबा वाजवते, बायांना कळतं. बाकड्यावर पुन्हा मांडीला मांडी लागते. नंदीशनं गाडी बाहेर काढली. वर्षाराणी पोरांकडनं गाणी बसवून घेते. आमच्या घरातनं ते गेलंय, ते खरं.

अर्पिताच्या कंपनीला नियम आवडला. ती रोज फोन करते. ती बोलते, मी फोनवर बोटानं वाजवते. एकदा म्हणजे व्हय, दोनदा म्हणजे न्हाय. एवढ्यात सगळं बोलून होतं. तिला वाटतं पिठानं घसा बसलाय, येईल आवाज. काय काय झालं ते मी तिला कसं सांगणार होते? म्हणून हे लिहिलंय. अक्षर वाईट आहे, वर्षाराणी नीट करून घेईल. मी हे वर्षाराणीकडं देऊन आजच्या बसनं पुण्याला निघालेय.

गावातल्या सगळ्यांना सांगून ठेवते. माझा आवाज आला, तर ती मी न्हवे. दार उघडू नका. जागा करून देऊ नका.

काल संध्याकाळी अर्पिताचा फोन आला. ती हसत होती.

"आई, तू पण ना! न सांगता आलीस व्हय पुण्याला? आवाजसुद्धा आला की तुझा!"

मी दोनदा वाजवलं.

"खोटं बोलू नको. जिन्यातनं हाक मारायलीस की आत्ता. ऐक."

मी फोन कानाला दाबला. आणि ऐकला. लांबनं, दाराच्या पलीकडनं, माझाच आवाज. आरपे, म्हणत होता. मीच तिला आरपे म्हणते, दुसरं कुणी नाही. पण हळू. मायेनं. एवढ्या हळू मी जन्मात कधी बोलले नाही.

मी दोनदा वाजवलं. परत दोनदा. नखं मोडेपर्यंत दोनदा, दोनदा, दोनदा.

तिचं हसू थांबलं. दाराकडं जाणारी तिची पावलं थांबली. माझी पोरगी हुशार आहे, तिला कळलं. जिन्यातली हाकसुद्धा थांबली. ती शांतता मी ओळखली.

"आई," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दाराबाहेर तूच हाईस का?"

मी बोट उचललं. ते खाली यायच्या आधी, तिकडं, तिच्या दारावर, एकदाच वाजलं.